डब्यावरचं गाव

प्रिय सुमन,

स्पेनहून परत येऊन आठवडा होत आला. बॅग अजून कोपऱ्यात उभी आहे. आपली सून शर्वरी रोज विचारते, "बाबा, कपडे काढू का धुवायला?" मी रोज म्हणतो, "राहू दे, उद्या." आळस म्हण, थकवा म्हण. या वयात माणूस प्रवासाहून एकदम परत येत नाही गं. अंग विमानाने येतं, बाकीचा मागून पायी येत राहतो.

जो भेटतो तो विचारतो, "काका, कशी झाली ट्रिप?" मी म्हणतो, "छान." खालच्या दुकानातल्या मलबाऱ्याला छान, फोनवर मंडळातल्या लोकांना छान, आपल्या अमोलला तर दिवसातून दोनदा छान. छान म्हणून म्हणून जीभ दमली. खरं काय झालं ते ज्या एका माणसाला सांगायचं, ती तू. शिवाय आज सकाळी शर्वरीनं तुझा तो डबा ओट्यावर आणून ठेवला आणि म्हणाली, "आता याचं झाकण नीट निघतंय. काय भरू यात?"

ते झाकण कसं निघालं, हे तुला कळायलाच हवं. म्हणून हे पत्र.

कुठला डबा म्हणून विचारू नकोस हं! तोच, ऑलिव्हचा. आपण ओमानमध्ये सहमला नवीन होतो, मी खमीसच्या शेतावरचे पंप बघायचो, तेव्हा ईदला त्यानं दिलेला. खमीस माझा पहिला अर्बाब, मालक असून वागायचा भावासारखा. तू एक ऑलिव्ह तोंडात टाकलंस आणि डोळे मिटून म्हणालीस, "शी बाई! आवळ्याला ताप आलाय जसा!" मग महिनाभर ते ऑलिव्ह मी एकट्यानं संपवले. डबा मात्र तू ठेवून घेतलास, आमसुलांसाठी.

आणि त्याच्यावरचं चित्र! डोंगराच्या अंगावर चढत गेलेली पांढरी घरं, मध्ये चर्चचा मनोरा, खाली निळं तळं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपल्याला दिसायची ती वाळत घातलेली मासळी आणि धुळकट रस्ता. तू बघायचीस डब्याकडे.

"अहो, या गावाला जायचं एकदा."

"कुठलं गाव हे?"

"मला काय ठाऊक? चित्र आहे, म्हणजे गाव असणारच कुठेतरी."

"पत्ता?"

"तुम्हाला मेला सगळ्याचा पत्ता लागतो! घाटी ते घाटीच."

जायचं राहिलं. त्याचं रडगाणं मी गात नाही. आपण दोघंही 'पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्यांतले. कधी अमोलची शाळा, कधी तुझे गुडघे, कधी गावच्या घराचं छप्पर. शेवटी शेवटी तूच म्हणायचीस, "डबा घरात आहे ना, मग गाव घरातच आहे."

पण सुमन, मला त्या गावाची ओढ नव्हतीच. मी गेलो ते दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. अमोलला सांगितलं नाही. त्याला काय वाटलं असतं?

मला तुझी चाल हवी होती.

तिसरीच्या पुस्तकातली ती तळ्याची कविता! लग्नानंतर पहिल्यांदा कळलं की ती तुलाही पाठ आहे, तेव्हा मला किती आनंद झाला होता. कवितेवर जीव टाकणारी बायको मिळाली म्हणून मी पिकअपचं स्टिअरिंग सोडून टाळी वाजवली होती. आणि मग तू म्हणायला लागलीस. शब्द तेच, बगळा तोच, शेवटच्या कडव्यातलं आटलेलं पाणीही तेच. चाल मात्र भलतीच!

आमचे गुरुजी टेबलावर छडीचा ठेका धरून ती म्हणून घ्यायचे. साठ पोरं एका सुरात, खिडक्या हादरायच्या. तुमच्या शाळेत ती शिकवली ओसरीवर बसून कुणा बाईंनी. पाळणा हलवल्यासारखी. दुसऱ्या ओळीनंतर सगळं जग आवाज वर नेईल, तिथे तुमचा आवाज खाली उतरायचा.

"ही काय चाल झाली? तळं झोपलंय वाटतं तुमच्या गावचं," मी म्हणायचो.

"झोपतंच तळं. तुमच्या घाटावरची तळीसुद्धा पळतात की काय?"

"गुरुजींनी शिकवलेली चाल आहे. तीच बरोबर."

"तळ्याची कविता आहे ती, कवायतीची नव्हे!"

किती वर्षं चाललं हे भांडण? सहमपासून मस्कतपर्यंतच्या त्या समुद्राकाठच्या रस्त्यावर, मत्रहच्या बाजारात मसाले घेताना, अमोलच्या बारशाला सुद्धा! पाहुण्यांना मधे घालायचीस, "तुम्हीच सांगा हो, कुठली गोड?" पाहुणे बिचारे म्हणायचे, "दोन्ही." असं उत्तर देणाऱ्याला तू दुसरा लाडू वाढत नसायचीस.

तू गेलीस. पहिलं वर्ष कागदपत्रं, फोन, माणसं यांत गेलं. मग एका दुपारी, सगळे कामाला आणि शाळेला गेलेले असताना, मी स्वयंपाकघरात चहा ठेवला आणि मनात म्हटलं, चला, आज हिच्या चालीत म्हणून बघू. कोण ऐकतंय? तोंड उघडलं, तर गुरुजींची चाल. थांबलो, पुन्हा सुरू केलं. पुन्हा छडी, पुन्हा टेबल. तुझी येईचना! आवाज कुठेतरी खाली उतरायचा एवढं माहीत, पण कुठल्या पायरीवरून, किती, ते गेलं. चहा उतू गेला.

त्या दिवसापासून किती प्रयत्न केले सांगू? राजापूरला तुझ्या धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "ताई म्हणायची ती? नाही हो भावजी, आमच्या वेळी पुस्तकच बदललं." अमोलच्या फोनमधले तुझे सगळे व्हिडिओ पाहिले. एकात तू सुरुवात करतेस, पहिला शब्द ऐकू येतो, आणि लगेच कॅमेऱ्याकडे हात नेतेस, "अहो, बंद करा ते!" आणि मी बंद केलंय. आज्ञाधारक!

एवढी वर्षं जिच्याशी भांडलो ती चाल माझ्या डोक्यातून निघून गेली आणि माझी तेवढी राहिली. याला जिंकणं म्हणतात का गं?

म्हणून अमोल म्हणाला, "बाबा, हिवाळ्याच्या सुट्टीत आईच्या डब्यावरच्या गावाला जाऊ," तेव्हा मी हो म्हटलं. तुला माहीत नसेल, आपलं अल अमेरात आता पूर्वीचं राहिलं नाही. आपल्या बिल्डिंगच्या चारी बाजूंना घरं उठतायत. सकाळपासून ड्रिल, त्यावर एसीची घरघर. म्हटलं, एखाद्या शांत डोंगरातल्या गावात बसलो तर येईल कदाचित वर, विहिरीत पडलेली घागर येते तशी.

डबा बरोबर घेतला, तर अमोलनं कपाळाला हात लावला. "बाबा, फोटो आहे ना फोनमध्ये!"

"फोटो वाजतो का?" मी म्हटलं.

डबा वाजायचा ना. तू गेल्यापासून झाकण गच्च बसलं होतं. आत तुझी उरलेली आमसुलं दगड होऊन खुळखुळत होती. अमोल एकदा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता, मी हाकललं. मालागाच्या विमानतळावर तपासणीच्या एका बाईंनी डबा कानाशी धरून हलवला. अमोल घाईनं म्हणाला, "ड्राय फ्रूट, ड्राय फ्रूट." तुझी आमसुलं ड्राय फ्रूट झाली बघ!

मग गाडीनं डोंगर. वळणं, वळणं, ऑलिव्हची झाडं, पुन्हा वळणं. इरा मागच्या सीटवर म्हणत होती, "आबा, आय अ‍ॅम गोइंग टू थ्रो अप." नात तुझीच. आणि एका वळणावर समोर ते आलं. पांढरी घरं, मनोरा, आणि खाली तळी, एक नाही, लांब हात पसरल्यासारखी दोन-तीन, हिरव्या-निळ्या पाण्याची. पाणी बरंच खाली गेलेलं, काठाला पांढरा पट्टा, आपल्या शेवटच्या कडव्यासारखा. अमोल हळूच म्हणाला, "हेच असेल का, बाबा?" मी म्हटलं, "असेल." माझी कंबर मोडली होती. तेव्हा मला कुठलंही गाव चाललं असतं.

आम्ही उतरलो त्या घराची मालकीण रेमेदियोस. माझ्याच वयाची, एप्रन कधी न सोडणारी. तिला आपली कुठलीच भाषा येत नाही, आम्हाला तिची येत नाही. अमोल आणि शर्वरी फोनमध्ये बोलायचे, फोन तिच्याशी बोलायचा, ती फोनवर रागवायची. पण तिच्याकडे एक टेबल होतं, सुमन! गोल, जमिनीपर्यंत जाड चादर सोडलेली, आणि आत शेगडी. पाय चादरीखाली घालून बसायचं, चादर मांडीवर ओढायची. गुडघे असे सुखावले, वाटलं आता इथून उठूच नये. तुझ्या गुडघ्यांना मिळायला हवं होतं हे टेबल.

गाव एवढं शांत की सुरुवातीला भीती वाटली. सकाळी पाववाल्याची गाडी भोंगा वाजवत यायची, तासातासाला घंटा, बाकी घराशेजारच्या दगडी चरातून वाहणारं पाणी. त्या चरापाशी मी रोज जाऊन बसायचो. डोळे मिटायचो. पहिली ओळ यायची, दुसरी यायची, आणि छडी! शांततेत तर गुरुजी अजूनच मोठ्यानं ऐकू यायला लागले.

त्या चरापाशीच द्रिस भेटला. मोरोक्कोचा, ऑलिव्ह झोडायच्या कामाला आलेला, रेमेदियोसला लाकडं आणून द्यायचा. मी सवयीनं अरबीत म्हणून गेलो, "अस्सलाम अलैकुम, केफ हालक?" त्याच्या खांद्यावरची मोळी पडायची राहिली. मग हसत सुटला.

"या हाज्ज, तुम्ही तर टीव्हीवरच्या शेखांसारखं बोलता! तोंड हिंदी आणि बोली खलीजी, आखातातली?"

मला हाजी करून टाकलं त्यानं! त्याचं अरबी अर्धं कळायचं, माझं त्याला सगळं कळायचं. त्यानं चराकडे बोट दाखवलं, म्हणाला, "साकिया." मी म्हटलं, "आमच्याकडे याला फलज म्हणतात."

"आमच्याकडे म्हणजे? हिंदमध्ये?"

मी जरा अडखळलो. "नाही. ओमानमध्ये."

माझा हा गोंधळ ऐकून तू हसली असतीस. अमोल आणि शर्वरी फोनमध्ये तोंड घालून बसलेले, आणि पंप दुरुस्त करणारा म्हातारा त्या गावात दुभाषा घेऊन फिरतोय! इरा म्हणाली, "आबा, यू आर सो कूल." मला वाटलं मी गार पडलोय म्हणतेय, म्हणून स्वेटर घालून आलो. नाही, हे खोटं. एवढं इंग्रजी येतं मला. तुला हसवावं वाटलं म्हणून लिहिलं.

तर द्रिसला बरोबर घेऊन मी डबा चौकात नेला. चौकात उन्हाचं एक बाकडं, त्यावर रोज तेच दोन म्हातारे. एक टोपीवाला, एक काठीवाला. नावं सांगितली होती, माझ्या लक्षात राहिली नाहीत. डबा पुढे केला, विचारलं, "हे तुमचंच गाव का?"

टोपीवाल्यानं चष्मा पुसला. "आमचंच. स्मशानाच्या बाजूनं काढलंय."

काठीवाल्यानं डबा हिसकावून घेतला. "आमचं? आपला मनोरा चौकोनी, हा गोल! हे पलीकडच्या खोऱ्यातलं गाव."

"चित्रकार प्यायला असेल. पिऊन कुणालाही चौकोन गोल दिसतो."

"आणि तळं? डबा बघ किती जुना! तेव्हा आपल्याकडे तळं होतं कुठे? धरण माझ्या डोळ्यांसमोर बांधलं!"

"चित्रकाराला आधीच दिसलं असेल!"

द्रिस हसून हसून भाषांतर करत होता. दुसऱ्या दिवशी गेलो, तेच. तिसऱ्या दिवशी, तेच. डबा मांडीवरून मांडीवर. मी द्रिसला विचारलं, "माझ्यामुळे यांचं वाकडं तर आलं नाही ना?" तो म्हणाला, "छे हो, हाज्ज. गेल्या महिन्यात एका कोंबड्यावरून चाललं होतं. तो कोंबडा मेला, म्हणून दोघं सुकले होते. तुमचा डबा वेळेवर आला."

मी त्यांच्या शेजारी बसून ऐकत राहायचो. भाषा कळायची नाही, पण कुठे काय बोलत असतील ते बरोबर कळायचं. हे आपलंच भांडण होतं ना गं?

मग एका सकाळी गेलो तर बाकड्यावर टोपीवाला एकटाच. थंडी कडक होती. मी बसलो. त्यानं स्वतःच हात पुढे केला, डबा मागितला. बराच वेळ मांडीवर ठेवून बघत राहिला. मग द्रिसकडे न बघता काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतायत?"

द्रिस म्हणाला, "म्हणतायत, मनोरा गोलच आहे. त्याचंच खरं असेल बहुतेक."

सुमन, मला वाटलं, आजोबा, असं नका म्हणू हो! एकट्यानं कशाला कबूल करता? मला विचारायचंच धाडस झालं नाही की दुसरे कुठे आहेत. डबा काखेत मारला आणि घरी आलो. जेवलो नाही. अमोलनं विचारलं, "बाबा, बरं नाही का वाटत?" म्हटलं, "छान आहे."

त्या दिवशी दुपार उलटल्यावर शेगडीच्या टेबलापाशी बसलो होतो. डबा समोर. आणि मला खरंच वाटलं, सोडून द्यावं आता. नाही येत, तर नाही येत. माणूस गेलं तिथे चाल कोण राखून ठेवणार? थकलो होतो गं. नुसता प्रवासानं नव्हे.

रेमेदियोस आली, समोर बसली, डबा उचलला, काहीतरी बडबडली. द्रिस लाकडं रचत होता, तो म्हणाला, "विचारतेय, उघडत का नाही?" मी म्हटलं, "उघडत नाही." तिनं 'हँ' केलं, उठून स्वयंपाकघरातून पळी घेऊन आली. अमोलसारखं झाकणाशी झोंबली नाही. पळीच्या दांड्यानं झाकणाच्या कडेवर हलकेच ठोकलं. टक. टक. डबा थोडा फिरवला. टक, टक. पुन्हा फिरवला. द्रिसला म्हणाली, "आईकडे असाच होता. घाई केली की रुसतो."

आणि माझे हात चादरीखालून वर आले.

ही तू होतीस ना? अगदी हीच! सहमची खारट हवा, रोज संध्याकाळी झाकण गच्च बसायचं. कढईत फोडणी तडतडतेय, तू कवितेच्या दोन ओळी म्हटल्यास, आणि मधेच थांबून पळीच्या दांड्यानं टक टक. डबा फिरवायचीस. टक टक. झाकण निघेपर्यंत तिसरी ओळ थांबून राहायची. म्हणून तर ओसरीवरची ती चाल तुझ्या तोंडी अशी झाली होती! दोन ओळी, मग ती जागा, आणि मग आवाज खाली उतरायचा, आमसूल कढईत पडल्यावर. मी इतकी वर्षं ती जागा सोडूनच शोधत होतो. कवायतीत कोण थांबतं?

मी म्हणायला लागलो. रेमेदियोस ठोकत होती, तिला काय कळणार, पण ती ठोकत राहिली. दोन ओळी. टक टक. आणि तिसरी ओळ, सुमन, तिसरी ओळ तुझी आली. उतरली. जिथे उतरायची तिथेच. चौथीही आली. मग झाकण फटकन निघालं, वास आला, आणि ठोकणं थांबलं.

आतल्या दारात अमोल उभा होता. हातात इराचे मोजे. "आईची..." एवढंच म्हणाला. मग खाली बघून ते मोजे एकात एक घालत बसला. पन्नाशीला आलाय, पण त्या वेळी दहा वर्षांचा दिसला.

रेमेदियोसनं विचारलंही नाही, एक आमसूल उचलून दाढेखाली धरलं. तिचे डोळे, नाक, कपाळ सगळं एका जागी गोळा झालं! "माद्रे मिया!" त्यांची ती 'आई गं' असावी. मग हसली, पाणी प्याली, आणि दुसरं उचललं. द्रिसला काहीतरी म्हणाली.

"हाज्ज, ती म्हणतेय तुमची बायको सोपी नसणार."

मी म्हटलं, "सांग तिला, मुळीच नव्हती."

दुसऱ्या दिवशी चौकात गेलो, तर बाकड्यावर दोघंही! काठीवाला गालाला रुमाल बांधून. दात काढायला मुलीकडे खालच्या शहरात गेला होता म्हणे. आणि टोपीवाला? अगं, काल जो कबूल होऊन बसला होता तो ताठ बसून ओरडत होता. द्रिसनं सांगितलं, "म्हणतायत, दाताबरोबर डोळेही तपासून यायचे होते! मनोरा गोल म्हणे! चौकोनीच आहे!" गालाला रुमाल असलेला बिचारा एका बाजूनं भांडत होता. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि असा हसलो की टोपीवाल्यानं मलाच झापलं.

डबा कुणाच्या गावचा ते शेवटपर्यंत ठरलं नाही. ठरू नये.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तळ्यावर गेलो. अमोल-शर्वरी मागे फोटो काढत राहिले, मी आणि इरा काठाच्या पांढऱ्या पट्ट्यावर बसलो. पाणी हलत नव्हतं. बगळा नव्हता, असता तर कविता झाली असती. मी तिला म्हटलं, "ऐक," आणि तुझ्या चालीत चार ओळी म्हटल्या, मधे डब्यावर टक टक करून.

ती म्हणाली, "आबा, पण तुम्ही तर आजीला म्हणायचे की हे राँग आहे."

"राँगच आहे. म्हण माझ्यामागून."

तिनं म्हटल्या. तिचे 'ळ' अजून 'ल' होतात, मधेच विचारते, "बगला मीन्स?" पण टक टक झाल्यावर आवाज कुठे उतरवायचा ते तिला एकदाच सांगावं लागलं.

"नेक्स्ट काय?" तिनं विचारलं.

पुढचं नाही आलं, सुमन. खरं सांगतो, अजूनही नाही आलं. चार ओळींवर तुझी चाल संपते आणि पुढे गुरुजी छडी घेऊन उभेच आहेत. परत आल्यापासून रोज दुपारी बसतो. बाहेर ड्रिल चालू असतं. ती जुनीच आमसुलं डब्यात टाकतो, झाकण लावतो, ठोकतो. कधी वाटतं, आणखी एक ओळ पायाशी येऊन गेली. थकतो, आडवा होतो. पण आता त्या थकण्यात तेव्हासारखं एकटं वाटत नाही.

आता शर्वरीला उत्तर द्यायचं आहे. डब्यात आमसुलंच भरायची, राजापूरहून तुझ्या बहिणीकडून मागवून. आणि झाकण रोज मी उघडणार, पळीच्या दांड्यानं, घाई न करता. अमोलला स्क्रूड्रायव्हर लावू देणार नाही. तुझ्या उरलेल्या ओळी येतील तेवढ्या इराला देईन, आणि ज्या येणार नाहीत त्यांच्या जागी माझी चाल घुसडणार नाही. ती जागा तशीच रिकामी ठेवीन. हे वचन.

आणि दुसरं वचन, जास्त महत्त्वाचं. त्या टोपीवाल्यासारखा मी एकटा असताना कबूल होणार नाही. तू तिथे दात काढायला गेली आहेस असं समजतो. परत आलीस की बोलू. तोवर माझं म्हणणं लिहून ठेवतो: तळ्याची कविता आहे, मान्य, पण चाल आमच्या गुरुजींचीच बरोबर!

तुझा,
घाटावरचा,
श्रीधर